राखलेले रान आणि तेलाची विहीर

(ऐरोली येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण तेलाविषयी बोलू. गोडेतेल नव्हे. जमिनीच्या पोटात सापडते ते खनिज तेल. त्यापासून पेट्रोल निघते, डिझेल निघते, रॉकेल निघते. होडीचे यंत्र त्यावर चालते. एस.टी. त्यावर चालते.

हे तेल काढतात कसे? आपण पाण्यासाठी बोअर मारतो ना, तसाच बोअर मारतात. पाण्याचा बोअर काहीशे फूट जातो, तेलाचा हजारो फूट. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ साली असा बोअर मारला. ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्रमंचावरून ते काम झाले. तेल लागले! १९७६ साली ते बाहेर काढायला सुरुवात झाली. त्या जागेला पूर्वी बॉम्बे हाय म्हणत, आता मुंबई हाय म्हणतात. तिथले तेल आणि वायू समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येतात. उरण काही परके नाही. आपल्यातल्या कितीजणांच्या लेकी तिकडे दिल्या आहेत.

एवढे असूनही आपले भागत नाही. देशाला १०० पिंपे तेल लागले, तर त्यांतली ८५ हून अधिक बाहेरच्या देशांतून विकत आणावी लागतात. म्हणून सरकार नवे तेल शोधते. त्यात काही पाप नाही. जो रोज डिझेल जाळतो त्याने तेलविहिरीला शिव्या देणे आम्हांला पटत नाही.

पण तेल काही आपल्याला विचारून जागा धरत नाही. ते कधी समुद्राखाली असते, कधी शेताखाली, आणि कधी राखलेल्या रानाखाली. भांडण लागते ते इथे.

राखलेले रान म्हणजे काय? आपल्या दाराशीच आहे, तेच पाहा. २०१५ साली सरकारने ठाणे खाडीचा भाग ‘फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर केला. सुमारे १७ चौरस किलोमीटर. निम्म्याहून थोडे अधिक तिवरांचे रान, बाकी पाणी आणि चिखल. फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी. थंडीत येतात, पावसाळ्याआधी जातात. २०१९ च्या मोजणीत ते एक लाखाहून अधिक भरले. २०२२ साली या खाडीचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. त्या यादीला रामसर यादी म्हणतात. ऐरोलीच्या केंद्रातून होडीत बसून दूरदूरची माणसे हे पाहायला येतात. आपण मात्र रोजचे म्हणून तिकडे मान वळवीत नाही.

ही खाडी नुसती पक्ष्यांची नाही, बरं का. तिवराच्या मुळांत कोळंबीची पिल्ले वाढतात. चिंबोरी तिथे, निवटी तिथे. खाजण गेले की कोळीवाड्यातली चूल गेली.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या उत्तर टोकाला अलास्का नावाचा बर्फाळ मुलूख आहे. तिथे मोठे थोरले राखलेले रान आहे. समुद्रकाठच्या पट्ट्यात तेल असावे असे म्हणतात. काढावे की न काढावे, हा वाद चाळीस वर्षांहून अधिक चालला आहे. १९८० च्या कायद्याने तिथे संसदेच्या परवानगीवाचून बोअर मारायला बंदी केली. २०१७ साली संसदेने परवानगी दिली. २०२१ साली लिलाव झाला, तर बड्या कंपन्या फिरकल्याच नाहीत. २०२३ साली एका सरकारने ते पट्टे रद्द केले. २०२५ साली दुसरे सरकार आले, त्याने पुन्हा दार उघडले. आणि तिथले लोक? तेही एका मताचे नाहीत. ग्विचिन लोक कॅरिबू नावाच्या सांबरासारख्या जनावरावर जगतात. कॅरिबू त्या पट्ट्यात वितात. म्हणून ग्विचिन म्हणतात, नको. काठावरच्या इनुपियात गावातले बरेच लोक म्हणतात, तेलाच्या पैशातून शाळा होईल, दवाखाना होईल, हवे. दोघेही गरजवंत आहेत. यात कोणी राक्षस नाही.

आपल्या देशात काय झाले ते मात्र नीट ऐका. आसामात तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान नावाचे गाव आहे. जवळच दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. तेलविहीर उद्यानात नव्हती, हद्दीबाहेर होती.  विहीर जुनी होती, तिच्यावर काम चालू होते. २७ मे २०२० रोजी आतला वायू दाबासरशी उसळला. कुकरचे झाकण उडावे तसे झाले. वायू आणि तेलाचे तुषार शेतावर, चहाच्या झाडांवर, तळ्यावर पडू लागले. तेरा दिवस हे चालले. ९ जूनला पेट घेतला. आग विझवणारे दोन जवान गेले. घरे जळाली. हजारो माणसांना छावणीत राहावे लागले. शेजारच्या मागुरी तळ्यात मासे मेले, नदीतला डॉल्फिन मेलेला सापडला. तळ्यावर जगणाऱ्या कोळ्यांनी जाळे कुठे टाकायचे? विहीर पुरती बंद झाली नोव्हेंबरात. म्हणजे साडेपाच महिने!

हद्द कागदावर असते. वायूला ती दिसत नाही.

गंमत अशी की त्याच मे महिन्यात त्या उद्यानाच्या खाली सात ठिकाणी बोअर नेण्याची परवानगी मिळाली होती. बाहेर उभे राहायचे आणि तिरकस भोक पाडून उद्यानाखाली जायचे, अशी ती युक्ती. वर पानसुद्धा हलणार नाही, असे सांगत होते. डिसेंबरात गुवाहाटीच्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

कोणी म्हणेल, मास्तर, आपल्या खाडीखालूनही बुलेट गाडीचा बोगदा जातोच आहे. खरे आहे. घणसोलीकडून मुंबईकडे, सात किलोमीटर खाडीच्या खालून. पाण्यात खांब उभे करण्यापेक्षा ते बरे, असे आमचे मत आहे. तरी त्या रेल्वेमार्गासाठी सुमारे २२ हजार तिवरे तोडायला उच्च न्यायालयाने २०२२ साली परवानगी दिली, हेही विसरू नये. पण बोगदा आणि तेलविहीर एक नव्हे. बोगद्यात दाबलेले तेल नसते. २०१० च्या ऑगस्टात मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. एका जहाजातले काही शे टन तेल सांडले. तिवरे काळी झाली, काही दिवस मासेमारी थांबली. ते तर जहाजाचे इंधन होते. विहीर फुटली तर तिच्या टाकीला तळ नसतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जी जागा कायद्याने राखली, तिथे आणि तिच्या कुशीत तेलाचा बोअर नको. इतर जागी काढावे, पण शेजारच्या गावाला आधी विचारून. विचारण्याची रीत आहे. तिला जनसुनावणी म्हणतात. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा माणूस बसतो, गावकरी बोलतात, बोललेले लिहून घेतात. पण १६ जानेवारी २०२० पासून तेल शोधण्यासाठीच्या बोअरना ही सुनावणी लागेनाशी झाली. शोधताना विचारायचे नाही, सापडल्यावर विचारायचे! तोवर रस्ता झालेला असतो, पैसा ओतलेला असतो. मग ‘नको’ म्हणणाऱ्याचे कोण ऐकतो? ही सवलत काढून घ्यावी असे आम्हांला वाटते.

इतर मोठ्या कामांना सुनावणी अजून लागते. तिची नोटीस निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, आपल्या भाषेतल्या पत्रातही यावी लागते. अक्षर बारीक, शब्द अवघड. एरवी ती नोटीस आपण भजी बांधायला वापरतो. तसा एक जुना कागद आम्ही आणला आहे. तो फळ्याजवळ लावतो. ज्यांचे दुसरे पुस्तक संपले आहे, त्यांनी पुढे यावे आणि मोठ्याने वाचावे. तारीख कुठे आहे, जागा कोणती आहे, हरकत कोणाकडे द्यायची आहे, हे आधी शोधा. अडले तर आम्ही इथेच उभे आहोत.