कॉलेजचे नाव नंतर
(दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



यशस्वी मुला-मुलींचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, ‘कोणते कॉलेज?’ माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. आधीचे दोन सुटले, तर तो आपोआप सोपा होतो.

पहिला प्रश्न विषयांचा. गणित जड जाते म्हणून अकरावी विज्ञानाला ते सोडणारी मुले मी पुष्कळ पाहिली. पुढे त्यांतल्याच काहींना अभियांत्रिकीला जायचे असते आणि तेथे गणितावाचून चालत नाही. वैद्यकीयसाठी जीवशास्त्राचे तसेच आहे. शिवाय राज्याच्या सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे 20 टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला 80 टक्के महत्त्व असते. तेव्हा अकरावी हे विश्रांतीचे वर्ष नव्हे. बीजगणितात जे कच्चे राहिले असेल, ते प्रवेश होईपर्यंतच्या दिवसांत पक्के करा. कॉलेज कितीही नामांकित असो, तेथे नववीचे समीकरण कोणी पुन्हा शिकवीत नाही.

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी मुख्याध्यापक असताना एका हुशार मुलीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘महंमद’ असे लिहिले गेले. घरच्या कागदांवर ते ‘मोहम्मद’ होते. मी न पाहता सही केली. बारावीनंतर तिचा जात पडताळणीचा अर्ज त्या एका नावावर अडला. प्रमाणपत्र मुदतीत आले नाही, राखीव जागा गेली आणि तिच्याबरोबर फीची सवलतही गेली. पूर्ण फी भरणे वडिलांना शक्य नव्हते. मुलीने अभियांत्रिकीचा नाद सोडला. तिने मला कधी दोष दिला नाही, पण तो दाखला माझ्या सहीचा होता.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. दाखला, गुणपत्रक, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला हे सारे आज रात्रीच शेजारी शेजारी ठेवा आणि नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मूल शाळेत असताना रजिस्टरातील दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. शाळा सुटल्यावर तीच फार कठीण होते. ज्यांची मुले अजून आठवी-नववीत आहेत, त्यांनी तर हे काम पुढे ढकलूच नये.

आता तिसरा प्रश्न, कॉलेजचा. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्या वर्षी अर्जात 10 पर्यंत पसंती देता येत होत्या. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागे. न घेणारा पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होई. असा नियम असता मित्राने भरले म्हणून आपणही तेच नाव पहिले भरणे परवडणारे नाही. आपला विषय तेथे आहे का, प्रयोगशाळा चालते का, फी आणि रोजचे बसभाडे दोन वर्षे झेपेल का, एवढे पाहून क्रम लावा.

घर बांधताना गवंडी आधी चर खणतो आणि रंगाचा विचार शेवटी करतो. तुम्हीही तसेच करा. तुमच्या अर्जात माझ्यासारखी चूक कोणाकडून न होवो, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.