नव्या नळीची निगा



१ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी फ्रान्समध्ये ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या प्रकारात त्यांचे ४५१.४ गुण झाले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या होत्या. साहजिकच या भागातील मुले रायफलीचे नाव घेऊ लागली आहेत. नवी रायफल हाती आली की प्रश्न पडतो : तिची नळी रुळवायची कशी आणि साफ ठेवायची कशी? आम्ही नेमबाज नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. परंतु हत्याराची निगा हा आमच्या लोकांचा जुना विषय आहे, आणि त्याच वाटेने आम्ही या प्रश्नाकडे आलो.

पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. तिथे ५.६ मिलिमीटरची शिशाची गोळी पुन्हा पुन्हा पोचवायची. नळीच्या आत मळसूत्री चर असतात. ते गोळीला फिरकी देतात, म्हणून ती सरळ जाते. त्या चरांत कुठे ओरखडा असला, गंज असला किंवा घाण बसली, तर नेमबाजाची मेहनत तिथेच वाया जाते.

आता रुळविण्याविषयी. मोठ्या रायफलींच्या गोळीवर तांब्याचे कवच असते. नवी नळी कापताना हत्याराचे बारीक आडवे ओरखडे आत राहतात. ते तांबे खरवडतात आणि तांब्याचा थर चिकटतो. म्हणून काही कारखानदार सांगतात : एक गोळी झाडा, नळी साफ करा, असे काही वेळा झाले की तीन-तीन गोळ्यांनंतर साफ करा. दुसरे तितकेच नामांकित कारागीर म्हणतात की याने फायदा होत नाही, नळी मात्र झिजते. सामान्य माणसाने कोणाचे ऐकावे?

आमच्या मते याचे उत्तर नळी कोणी आणि कशी घडवली यात आहे. चांगल्या कारखान्यात चर कापून झाल्यावर कारागीर नळीत शिसे ओतून त्याचा दट्ट्या करतो, त्याला घासणीची भुकटी लावतो आणि तो मागेपुढे ओढून आतील ओरखडे घालवतो. हे काम हाताचे, आणि त्याला वेळ लागतो. ज्या नळीवर हा वेळ खर्च झाला, तिला रुळविण्याची गरज फार थोडी उरते. जिथे कामगाराला तो वेळ दिला नाही, तिथे ते काम गिऱ्हाइकाला गोळ्या झाडून पुरे करावे लागते. साखर कारखान्यातला फिटर बेअरिंगला निळा रंग लावून, कुठे टेकते ते पाहून हाताने खरवडतो. त्याला घाई केली तर भर गळितात घाणा थांबतो. तसलाच हा प्रकार.

आपल्या मुलांच्या लहान रायफलीचे मात्र निराळे आहे. तिच्या गोळीवर तांबे नाही. मऊ शिसे, वर मेण. ही नळी साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या थोड्या इकडेतिकडे जातात. मेणाचा पातळ थर बसला की गोळ्या एका जागी पडू लागतात. आपल्या बायाबापड्यांना हे सांगायला नको. बिडाचा नवा तवा पहिल्याच दिवशी आंबोळी सोडत नाही; आणि मुरलेला तवा कोणी रोज राखेने खसाखसा घासत नाही.

साफसफाईचे नियम थोडे आहेत. प्रथम रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहावे. नव्या नळीतले साठवणीचे तेल झाडण्यापूर्वी पुसून काढावे. सळई अखंड असावी आणि ती मागून, म्हणजे गोळी भरतात त्या बाजूने घालावी. तोंडाच्या कडेला सळई घासली तर नेम कायमचा बिघडतो. चिंदी तोंडातून बाहेर पडू द्यावी. मळलेली चिंदी परत आत ओढू नये. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नये. शेवटी तेलाचा हलका हात द्यावा. आपल्याकडच्या पावसात ओल्या पेटीत रायफल ठेवणे म्हणजे गंजाला आवतण होय.

पूर्वीचे शिपाई नळीत उकळते पाणी ओतीत, कारण त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून क्षार उरे आणि तो हवेतले पाणी ओढी. पुढे तो मसाला बदलला, तशी पाण्याची गरजही गेली. नियम पाळावा, पण त्यामागचे कारण विचारून पाळावा. कारण ठाऊक असलेला माणूस कारण संपल्यावर नियम सोडू शकतो. पाठ केलेला माणूस सोडू शकत नाही.

एक मागणी करून आम्ही थांबतो. जिथे जिथे नेमबाजी शिकविली जाते, तिथे सफाईची वेळ सरावाच्या वेळेतच धरावी, आणि हत्यारे सांभाळणाऱ्या माणसाला पुरा पगार मिळावा. पदक घेणारा हात सर्वांना दिसतो. नळी घासणारा आणि पुसणारा हात दिसत नाही. म्हणूनच त्याचा हिशेब आपण मांडला पाहिजे.