हातांनी हलणारी चित्रे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अ‍ॅनिमेशन म्हटले की आज संगणकच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे महिनाभर रोज थोडी थोडी टिपली, तेव्हा त्यांच्यापाशी होता तो एक कॅमेरा आणि अपरंपार धीर. पडद्यावर रोप सरसर वाढलेले पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला.

या पंथातील एक थोर कलावंत आपल्या गुजरातचेच. इशू पटेल बडोद्यास ललितकला शिकले, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात गेले. तेथे त्यांनी १९७७ साली ‘बीड गेम’ हा लघुपट केला तो निव्वळ मण्यांनी. मणी मांडायचे, चित्र टिपायचे, मणी किंचित सरकवायचे, पुन्हा टिपायचे. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. पाच-सहा मिनिटांचा हिशेब आपणच करावा! कॅरोलिन लीफ यांनी तर काचेवर वाळू पसरून, खालून प्रकाश सोडून चित्रपट केले.

वाळूत वा मण्यांत पुढचे चित्र मांडायचे, तर मागचे मोडावेच लागते. संगणकावर चुकलेली रेषा क्षणात मागे घेता येते. येथे ती सोय नाही. मी संगणकाला नावे ठेवीत नाही. टिपलेली चित्रे आम्हीही त्यावरच जुळवतो. पण न मोडता घडवण्याची सवय झालेल्या हातांना धीर कोठून यावा, ही माझी चिंता आहे.

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मुलांनी काचेवर रांगोळीने उंदीरमामा रेखले. दोन तासांचे काम झाले होते, तोच एका चिमुरड्याला शिंक आली आणि उंदराची शेपटी उडाली! “आजोबा, मागे कसं जायचं?” तो रडवेला होऊन विचारू लागला. मागे जाता येत नाही, असे मी सांगितले. सगळे गप्प. तेवढ्यात त्याची बहीण म्हणाली, “मग वारा आला असं दाखवू या ना!” आणि मुले पुन्हा काचेवर ओणवली.

तो चाळीस सेकंदांचा चित्रपट आता आपणांस दाखवतो. कृपया सभागृहातील दिवे मालवावेत.