यंत्र आणि दप्तर



संगणक बंद पडला की आपण कारागिराला पहिल्याप्रथम विचारतो, 'सुरू केव्हा होईल?' आमच्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला असा, की आतले लिखाण अन्यत्र कोठे उतरवून ठेवले आहे काय? यंत्र बाजारात पुन्हा मिळते. दुकानाच्या दहा वर्षांच्या खतावण्या किंवा दिवंगत आईचा आवाज तेथे मिळत नाही.

पुष्कळदा बिघाड लिखाणाच्या जागी नसतोच. बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर संशय आधी वीजपुरवठ्याच्या भागावर घ्यावा, मग मुख्य फलकावर. अशा वेळी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की बहुधा सारे जसेच्या तसे सापडते. (लिखाण कुलूपबंद केलेले असेल तर त्याचा परवलीचा शब्द मात्र हवा, तो पुष्कळांना आठवत नाही!)

आतून टकटक आवाज येऊ लागला, तर मामला निराळा. डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांना न टेकता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावरून तरंगत असते. ते टेकले की अक्षरे खरवडली जातात. मग 'आणखी एकदा सुरू करून पाहू' हा आपला स्वभावधर्म घातक ठरतो. वीज काढावी आणि हात आवरावा. डिस्क अद्याप वाचता येत असेल, तर तिची संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि शोधाशोध नकलेवर करावी, मुळावर नव्हे. 'सगळे पुसून नव्याने बसवून देतो' म्हणणाऱ्या कारागिराला आम्ही दोष देत नाही. त्याचे काम चोख होते, यंत्र चालू लागते. दप्तर तेवढे जाते.

चकत्या शाबूत असतील तर काय साधते, याचे एक उदाहरण सांगतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकेचे अंतराळयान परतताना टेक्सासच्या आकाशात मोडून पडले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यानात झेनॉन वायूच्या चिकटपणाचा प्रयोग होता. काही आकडे उड्डाणातच पृथ्वीवर पोचले होते. उरलेले एका हार्ड डिस्कवर होते. ती टेक्सासमधील एका कोरड्या तलावाच्या तळाशी सापडली, जळालेली, आत माती शिरलेली. तिला वीज देऊन पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तज्ज्ञांनी चकत्या सोडवून धुतल्या, नव्या सांगाड्यात बसविल्या, आणि सुमारे ९९ टक्के लिखाण परत मिळाले! त्यावरचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. कौशल्याला दैवाचीही जोड होती. प्रयोगाचा संगणक जुन्या डॉस पद्धतीचा. ही पद्धत लिखाण विखरून न टाकता एका जागी ठेवते. डिस्क निम्मीच भरलेली होती आणि खड्डे पडले ते कोऱ्या भागात.

त्याच यानातील आणखी दोन डिस्क त्याच तज्ज्ञांनी तपासल्या. त्यांतून उपयोगाचे काहीही निघाले नाही.