गैरहजेरीमागचे घर
(शिक्षण परिषदेतील भाषण)



शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून मी आपल्यापुढे पुष्कळदा बोलले आहे. आज दोन मुलींची आई म्हणून चार शब्द सांगावेत, असे मनात आहे. त्यांत माझ्या उणिवेचाही भाग आहे. परंतु तो आपल्या कामाशी निगडित असल्यामुळे सांगणे इष्ट वाटते.

थोरली नववीत होती त्या वेळची गोष्ट. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. यजमान नोकरीवर, मी फिरतीवर. कापूस वेचणीचे दिवस होते. शाळाशाळांतून मुलींची हजेरी तपासावी आणि शेरेबुकात ‘मुलींची उपस्थिती असमाधानकारक, पालकभेटी वाढवाव्यात’ असे लिहून यावे, हा माझा क्रम होता. एका पालकभेटीत एक माउली म्हणाली, “बाई, वेचनीचे दिवस हायेत. पोरगी शाळेत धाडली त लहान्याले कोन पायीन?” मी तिला शिक्षणाचे महत्त्व समजावून सांगितले आणि समाधानाने परतले.

सत्र संपल्यावर थोरलीचे प्रगतिपत्रक सहीसाठी समोर आले. गैरहजेरी अकरा दिवस. “आज आजीजवळ थांबते,” असे ती अधूनमधून म्हणे, आणि “किती समजूतदार पोर!” म्हणून आम्ही उभयतां कौतुक करीत असू. त्या दिवसांची बेरीज मात्र कोणी केली नव्हती. मैत्रिणीकडून कोणत्या दिवसाचा अभ्यास उतरवून घ्यावयाचा, हे कळावे म्हणून तिने तारखा वहीत टिपल्या होत्या. मी माझी फिरतीची दैनंदिनी उघडून पाहिली. त्या अकराही दिवशी मी कोणत्या ना कोणत्या गावी मुलींच्या गैरहजेरीची कारणे विचारीत होते.

पुढे 2019 मध्ये बालभारतीचे दुसरीचे नवे पुस्तक आले. त्यातील एका चित्रात आई आणि वडील दोघेही भाजी निवडताना दाखविले आहेत. ते पुस्तक मी घरी आणले होते. धाकटी तेव्हा सातवीत होती. चित्र पाहून ती म्हणाली, “आई, हे तू सगळ्या शाळांना शिकवायला सांगशील. आपल्या घरी केव्हा शिकवणार?” यजमानांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा आणि आजीचे औषधपाणी त्यांच्याकडे आले. चहात साखर जरा अधिक पडे. पण मुली वेळेवर शाळेत जाऊ लागल्या.

मुलींनी घरकाम करू नये, असे माझे म्हणणे नाही. कामाने हात तयार होतात, दुसऱ्याचे दुःख कळते. मात्र तेच काम भावाच्या, वडिलांच्या वाट्यालाही यावे. आणि त्याची किंमत मुलीच्या शाळेच्या दिवसाने चुकवली जाऊ नये.

हा प्रश्न जुना आहे. ज्यांचा संसार काही वर्षे आपल्या अमरावतीत झाला, त्या ताराबाई मोडक यांनी पुढे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम केले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला त्यांनी दोष दिला नाही. त्या भावंडालाच शाळेत जागा दिली.

1 एप्रिल 2010 पासून 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परंतु हक्क कागदावर असतो आणि आजारी आजी घरात असते. या दोहोंमधील वाट शिक्षकाला ठाऊक असावी लागते.

म्हणून माझी विनंती अशी. हजेरीपत्रकातील गैरहजेरीच्या खुणेपुढे कारण शोधावे. वेचणीच्या दिवसांत धाकटे भावंड गावातील अंगणवाडीत जाते की नाही, याची चौकशी करावी. महिन्यातील ठरावीक दिवशी मोठ्या मुली येत नसतील, तर शौचालयात पाणी आणि दाराला कडी आहे का, हे पाहावे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असा नियम आहे. त्या शेतावरून परतल्यानंतरची वेळ सभेला ठेवावी, म्हणजे त्या केवळ सहीपुरत्या राहणार नाहीत. पालकभेटीत आईबरोबर वडिलांशीही बोलावे. आणि वर्ग झाडण्याची पाळी मुलगे व मुली या सर्वांना सारखी लावावी. वर्गात झाडू हाती घेतलेला मुलगा उद्या घरीही तो सहज उचलील.

शेरेबुकातील ते जुने वाक्य मी आता लिहीत नाही. त्या दिवशी मुलीच्या घरी काय होते, एवढेच विचारते. हा प्रश्न मला माझ्या मुलींनी शिकविला. आज तो आपल्या स्वाधीन करते.