कुदळ लावण्याआधी

पुरातत्त्व म्हटले की डोळ्यांसमोर कुदळ, घमेले आणि खणलेला चर येतो. पण उत्खननाची एक मोठी अडचण आहे. जे समजून घ्यायचे, तेच त्यात मोडावे लागते. मातीचा थर एकदा उचलला की तो पुन्हा जसाच्या तसा घालता येत नाही. मागे उरतात त्या नोंदी, आराखडे आणि खोक्यांत भरलेल्या वस्तू. म्हणूनच जमिनीला धक्का न लावता तपासणाऱ्या पद्धतींना आज एवढे महत्त्व आले आहे.

आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणी येथे लोहयुगातील शिळावर्तुळे आहेत. ती दफनाची ठिकाणे. दगडांमुळे ती सहज नजरेस पडतात. इंग्लंडमध्ये मात्र त्याहून जुन्या, नवाश्मयुगातील कित्येक गोल आवारांत दगडच नाहीत. एक गोल खंदक, बाहेर मातीचा बांध, आत लाकडी खांब, एवढाच पसारा. खांब कुजले, बांध नांगराखाली सपाट झाले, खंदक मातीने भरून गेले. मग ती शोधायची कशी?

जुना उकिरडा बुजवला तरी त्या जागेवरचे पीक अधिक हिरवेगार येते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. बुजलेला खंदकही अशीच खूण ठेवतो. १९२५ साली गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंजपासून सुमारे तीन किलोमीटरवर, एका शेतात गोलाकार खुणा विमानातून दिसल्या. तेच आजचे ‘वुडहेंज’, लाकडी खांबांचे वर्तुळ.

आता विमानाच्या जोडीला यंत्रे आली आहेत. खंदकात भरलेली वरची माती आजूबाजूच्या पांढऱ्या चुनखडकापेक्षा किंचित अधिक चुंबकीय असते. हा फरक मॅग्नेटोमीटर टिपतो. रडार जमिनीत लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी नोंदवते. ओलसर मातीतून वीज सुलभ वाहते, त्यावरूनही बुजलेला खड्डा कळतो. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि व्हिएन्नाची लुडविग बोल्ट्समान संस्था यांनी २०१० ते २०१४ या काळात स्टोनहेंजभोवतीचा सुमारे १२ चौरस किलोमीटर प्रदेश असा तपासला.

वुडहेंजला लागूनच ‘डरिंग्टन वॉल्स’ हे सुमारे ५०० मीटर व्यासाचे प्रचंड आवार आहे. १९६६ ते १९६८ मध्ये, रस्ता जाणार म्हणून त्याचा एक लांब पट्टा यंत्रे लावून घाईने खणावा लागला. लाकडी वर्तुळांचे अवशेष मिळाले, पण तो पट्टा आता पुन्हा तपासता येणार नाही. २०१५ साली मात्र वेगळे घडले. रडारने बांधाखाली पुरलेल्या वस्तूंची रांग दाखवली आणि तिथे सुमारे ९० दगड असावेत, अशी बातमी जगभर गेली. २०१६ मध्ये दोन जागा खणून पाहिल्या. दगड नव्हतेच! खांबांसाठी खणलेले मोठे खड्डे होते. खांब उपटून ते चुनखडकाच्या तुकड्यांनी भरले होते.

यंत्राने फसवले का? नाही. ‘इथे काही वेगळे आहे’ एवढेच यंत्र सांगते; ते काय आहे, हे माणूस ठरवतो. माणसाचा अंदाज चुकला, पण तो तपासायला दोन खड्डे पुरले. बाकीची रांग अजून जमिनीत सुरक्षित आहे.

२०२० मध्ये याच आवाराभोवती सुमारे दोन किलोमीटर व्यासाच्या कड्यावर प्रचंड खड्डे असल्याचे जाहीर झाले. काही तर दहा मीटर रुंद आणि पाच मीटर खोल. ते नैसर्गिक असतील, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली. मग अनेक यंत्रांच्या नोंदी ताडून पाहिल्या, नळीने मातीचे बारीक नमुने काढले, त्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजले. खड्डे माणसांनीच सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी खणले, असा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

उद्याच्या अभ्यासकांकडे आपल्याहून चांगली साधने असतील. ती चालवायला त्यांच्यासाठी न खणलेली जमीनही शिल्लक राहायला हवी.