'ऑडॅसिटी' : एका लहानशा विमानवाहू नौकेची कहाणी

आरमारी युद्धाची गोष्ट निघाली म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांपुढें प्रचंड युद्धनौका उभ्या राहतात. त्यांच्या तोफा, त्यांचीं पोलादी चिलखतें आणि त्यांच्या लढायांचीं गाजलेलीं नांवें आठवतात. परंतु दुसऱ्या महायुद्धांत अटलांटिक महासागरावर साडेपांच वर्षांहून अधिक काळ जो झगडा चालला, त्याचा निकाल लावण्यांत साध्या व्यापारी जहाजांपासून बनविलेल्या लहान विमानवाहू नौकांचा वांटा फार मोठा होता. ब्रिटिश आरमारांतील अशी पहिली नौका म्हणजे 'ऑडॅसिटी'. या शब्दाचा अर्थ धाडस. तिची पहिली सफर १९४१ च्या सप्टेंबरांत सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती समुद्राच्या तळाशीं गेली. श्रोतेहो, चार महिन्यांच्या या आयुष्यांत तिनें काय साधलें आणि त्यासाठीं काय मोल दिलें, याचीच ही कहाणी आहे.

इंग्लंड हें बेट आहे. तेथील माणसांचें धान्य, कारखान्यांचें लोखंड आणि विमानांचें तेल हीं सारीं समुद्रावरूनच यावयाचीं. पाणबुड्यांच्या भीतीनें व्यापारी जहाजें एकेकटीं न जातां तीस-चाळीस मिळून तांडा करून जात, व त्यांच्या भोंवतीं लढाऊ नौकांचें कडें असे. या जहाजांवर हिंदी खलाशांचा भरणा मोठा होता. त्यांत कोंकणपट्टींतले दर्यावर्दीहि होते. दूरच्या अटलांटिकावर काय घडतें, याची काळजी म्हणून रत्नागिरीकडील कित्येक घरांनाहि लागलेली असे.

१९४० च्या जूनांत फ्रान्सचा पाडाव झाला आणि त्या देशाचा अटलांटिक किनारा जर्मनांच्या हातीं गेला. बोर्डो शहराजवळच्या विमानतळावरून 'कोंडोर' नांवाचीं चार इंजिनांचीं विमानें समुद्रावर दूरवर भराऱ्या मारूं लागलीं. हें विमान मुळांत उतारूंची ने-आण करण्यासाठीं तयार झालेलें. युद्धांत त्यावर बाँब व तोफा चढविण्यांत आल्या. तें एकाद्या एकाकी जहाजावर बाँब टाकीच. पण त्याचें अधिक घातक काम निराळें होतें. तोफांच्या टप्प्याबाहेर घिरट्या घालीत तें तांड्याचा ठावठिकाणा बिनतारी यंत्रानें कळवी, आणि मग ठिकठिकाणच्या पाणबुड्या त्या जागीं गोळा होत. इंग्लंड आणि जिब्राल्टर यांमधील मार्ग या विमानांच्या अगदीं माऱ्यांत होता. १९४१ च्या सप्टेंबरांत जिब्राल्टरहून निघालेल्या एकाच तांड्यांतील नऊ व्यापारी जहाजें पाणबुड्यांनीं बुडविलीं.

त्या काळची पाणबुडी बहुतेक वेळ पाण्याच्या पृष्ठभागावरूनच चाले. पाण्याखालीं तिचा वेग इतका मंद, कीं तांड्याला गांठणें तिला कठीण जाई. आकाशांत विरोधी विमान दिसलें कीं तिला बुडी मारावी लागे, आणि बुडी मारली कीं तांडा हातचा निसटे. म्हणजे तांड्यासोबत चार विमानें असतीं, तर टेहळणी करणारा वैरी आणि दबा धरून बसणारा वैरी या दोघांचाहि बंदोबस्त झाला असता. पण भर समुद्रांत विमान आणावें कोठून? मोठ्या विमानवाहू नौका मोजक्या होत्या आणि दुसऱ्या कामांत गुंतलेल्या होत्या. कांहीं व्यापारी जहाजांवर एक-एक लढाऊ विमान ठेवून तें यंत्राच्या जोरानें हवेंत फेंकण्याची युक्ति काढण्यांत आली. परंतु उतरावयास जागा नसल्यामुळें किनारा दूर असला म्हणजे वैमानिकाला आपलें विमान समुद्रांतच सोडून द्यावें लागे. एका उड्डाणाला एक विमान, असा तो महागडा सौदा होता.

यावर जो तोडगा निघाला, त्याचें साहित्य शत्रूनेंच पुरविलें. 'हानोव्हर' हें साडेपांच हजार टनांचें नवें कोरें जर्मन व्यापारी जहाज १९४० च्या मार्च महिन्यांत वेस्ट इंडीजमधील मोना सामुद्रधुनींत ब्रिटिश क्रूझर 'डनेडिन' आणि कॅनडाची विनाशिका 'असिनिबॉइन' यांच्या तडाख्यांत सांपडलें. जर्मन खलाशांनीं त्याला आग लाविली आणि तें बुडविण्याची खटपट केली. पण आगीशीं झगडत इंग्रजांनीं तें जळकें जहाज ओढीत जमैका बेटांतील किंग्स्टन बंदराला आणलें. पुढें इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ब्लाइथ येथील गोदींत त्याचा वरचा सगळा डोलारा कापून काढण्यांत आला, व त्या जागीं सुमारें ४५० फूट लांब आणि ६० फूट रुंद असा सपाट डेक बसविण्यांत आला. १९४१ च्या जूनांत ही नौका आरमारांत दाखल झाली. त्या वेळच्या 'आर्क रॉयल' या प्रसिद्ध विमानवाहू नौकेचा डेक सुमारें ८०० फूट लांब होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या नौकेचा ठेंगणेपणा लक्षांत येईल.

मोठ्या नौकेंत विमानें ठेवावयास डेकखालीं प्रशस्त तबेला असतो आणि त्यांना वर-खालीं नेणारा पाळणा असतो. 'ऑडॅसिटी'वर यांतलें कांहींच नव्हतें. तिचीं सहा 'मार्टलेट' लढाऊ विमानें ऊन, पाऊस आणि खारा वारा खात डेकवरच दोरखंडांनीं बांधलेलीं असत. एकादें विमान उतरावयाचें असलें, कीं बाकीचीं सगळीं पुढच्या टोंकाला ढकलून जागा करावी लागे. यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर रात्रीच्या अंधारांत, हलत्या डेकवर, झांकलेल्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडांत काम करीत. अटलांटिकाच्या लाटांनीं नौकेचा मागचा भाग वर-खालीं होत असतां त्या अरुंद फळीवर विमान उतरविणें हें काम किती जिवावरचें असेल, याची कल्पना जमिनीवरच्या माणसाला येणें कठीण आहे.

सप्टेंबरांतल्या पहिल्याच सफरींत या युक्तीची कसोटी लागली. बुडालेल्या जहाजांवरील माणसें वांचविण्याच्या कामावर असलेल्या एका जहाजावर कोंडोर विमानानें बाँब टाकले. तें जहाज गेलें, पण 'मार्टलेट' विमानांनीं त्या कोंडोरला गांठून समुद्रांत पाडलें. नोव्हेंबरांतल्या सफरींत आणखी दोन कोंडोर पडलीं. मात्र त्यांतल्या एकाशीं लढतांना विमानपथकाचा प्रमुख कामास आला. दुसरें विमान पाडणारा एरिक ब्राउन हा अवघ्या बावीस वर्षांचा तरुण होता. कोंडोरच्या पाठीवर आणि पोटाखालीं तोफा असल्यानें मागून जाणें धोक्याचें. म्हणून सरळ समोरून चाल करून जाण्याची रीत त्यानें अवलंबिली.

१९४१ च्या डिसेंबरच्या १४ तारखेस ३२ व्यापारी जहाजांचा तांडा जिब्राल्टरहून इंग्लंडकडे निघाला. याच्या महिनाभर आधीं 'आर्क रॉयल' जिब्राल्टरजवळच बुडाली होती. तांड्याच्या संरक्षणाची धुरा कमांडर वॉकर या अधिकाऱ्याकडे होती. पाणबुडीविरोधी युद्धाचा त्याचा व्यासंग दांडगा होता. त्याची नौका 'स्टॉर्क'. 'ऑडॅसिटी'चा कप्तान होता कमांडर मॅकेंड्रिक. त्याच्यापाशीं या वेळीं उडण्याजोगीं विमानें चारच होतीं.

१७ तारखेच्या सकाळीं एका विमानाला तांड्यापासून वीसेक मैलांवर एक पाणबुडी दिसली. वॉकरनें आपल्या नौका तिच्यावर सोडल्या. बाँबांच्या माऱ्यानें जायबंदी झालेली ती पाणबुडी पाण्याबाहेर येऊन पळूं लागली. तिच्यावर झडप घालणारें विमान तिच्या तोफेच्या गोळ्यांना बळी पडलें आणि वैमानिक ठार झाला. परंतु पाणबुडीहि त्याच दिवशीं बुडाली. दुसऱ्या दिवशीं आणखी एक पाणबुडी गारद झाली. १९ तारखेच्या पहांटेपूर्वीं 'स्टॅन्ली' ही विनाशिका टॉर्पेडो लागून भडकली व तिच्यावरील बहुतेक सगळे मेले. तेव्हां वॉकरनें मारेकरी पाणबुडीचा पाठलाग करून तिच्यावर 'स्टॉर्क' नौकाच घातली आणि तिला चिरडलें. त्याच रात्रीं तांड्यांतलें एक व्यापारी जहाजहि गेलें. दिवस उजाडल्यावर कोंडोर आलीं, त्यांतलीं दोन 'मार्टलेट'नीं पाडलीं. त्यांपैकीं एक वैमानिक शत्रूला इतका भिडला, कीं तो डेकवर परतला तेव्हां कोंडोरच्या पंखाचा तुकडा त्याच्या विमानाला अडकलेला होता.

पण रात्र पडली कीं 'ऑडॅसिटी' निरुपयोगी होई. तिचीं विमानें अंधारांत काम करूं शकत नसत. म्हणून रोज सांजवेळीं ती तांड्यापासून दूर जाई, एकादी रक्षक नौका सोबत घेई आणि सकाळीं परत येई. २१ तारखेच्या संध्याकाळीं मॅकेंड्रिकनें सोबत मागितली; परंतु वॉकरपाशीं देण्यासारखी नौका उरली नव्हती. एक नौका द्यावी तर बत्तीस कुटुंबांच्या वाड्याचा एक दरवाजा उघडा पडणार! नौकेनें कोणत्या बाजूस रात्र काढावी, याविषयीं दोघांचें मत निराळें पडलें. वॉकर रक्षणाचा प्रमुख खरा, पण हुद्द्याच्या ज्येष्ठतेनें मॅकेंड्रिक त्याच्या वरचा. वॉकरनें हुकूम केला नाहीं, सूचना केली. मॅकेंड्रिकनें आपल्या मतानें तांड्याच्या उजवीकडे, एकट्यानें जाणें पसंत केलें.

त्या रात्रीं शत्रूला चकविण्यासाठीं वॉकरनें कांहीं नौका दूर पाठवून तेथें खोट्या लढाईचा देखावा उभारला. दुर्दैवानें तांड्यांतील कांहीं जहाजांना ती खरीच वाटली आणि त्यांनीं प्रकाशाचे बाण आकाशांत सोडले. क्षणभरांत अंधारांतला सगळा समुद्र उजळला. नॉर्वेचें एक जहाज टॉर्पेडोला बळी पडलें. त्याचा इषारा म्हणून आणखी बाण सुटले. त्या उजेडांत 'यू-७५१' या पाणबुडीचा कप्तान बिगाल्क याला एका विमानवाहू नौकेची लांबच लांब आकृति दिसली. पहिल्या टॉर्पेडोनें 'ऑडॅसिटी'च्या यंत्रशाळेंत पाणी भरलें आणि ती जागच्या जागीं थिजली. पाणबुडी जवळ आली. आणखी दोन टॉर्पेडो तिच्या पुढच्या भागांत शिरले. डेकवरचीं विमानें दोरखंड तोडून घसरत समुद्रांत पडलीं. नौका नाकावर उभी राहून बुडाली. ७३ माणसें तिच्याबरोबर गेलीं. कप्तान मॅकेंड्रिकहि त्यांत होता. बाकीच्यांना तीन लहान कॉर्व्हेट नौकांनीं थंडगार पाण्यांतून वेंचून काढलें. एरिक ब्राउन त्या वांचलेल्यांपैकीं एक. त्याच रात्रीं 'डेप्टफर्ड' या रक्षक नौकेनें आणखी एक पाणबुडी बुडविली. तिचा कप्तान एंड्रास हा जर्मन आरमारांतील नामांकित वीरांपैकीं होता.

तांडा घरीं पोहोंचला. ३२ व्यापारी जहाजांपैकीं ३० सुखरूप होतीं. या मोहिमेंत जर्मनांच्या पांच पाणबुड्या गेल्या. त्यांच्या सेनापतीला ही चढाई मध्येंच सोडून द्यावी लागली, आणि तांड्याबरोबर विमानवाहू नौका असली म्हणजे पाणबुड्यांचें काम किती दुर्घट होतें, हें त्याला उमगलें. वॉकरच्या यशाचा इंग्लंडांत मोठा गौरव झाला. तरीहि आपल्या अहवालांत त्यानें 'ऑडॅसिटी'च्या नाशाचा दोष स्वतःकडे घेतला. हुद्द्याचा संकोच न धरतां आपण स्पष्ट हुकूम करावयास हवा होता, असें त्याला वाटत राहिलें. आपल्या हातून निसटलेली एक गोष्ट विजयाच्या भरांतहि विसरूं नये, हा त्या माणसाचा मोठेपणा होता. पुढें अडीच वर्षें अहोरात्र पाणबुड्यांशीं झुंजून १९४४ च्या जुलैंत तो आजारानें वारला. अतिश्रमानें त्याचा देह खचला होता.

त्या रात्रींतून जे धडे घ्यावयाचे, ते घेतले गेले. अशी नौका रात्रीं एकटी सोडावयाची नाहीं, हा पहिला. दुसरा असा, कीं अशा नौका एक-दोन नव्हे, डझनांनीं पाहिजेत. अमेरिकेंतील व्हँकूव्हर येथील कायझर यांच्या गोदींनीं १९४३ च्या जुलैपासून १९४४ च्या जुलैपर्यंत, एका वर्षांत ५० लहान विमानवाहू नौका तयार करून दिल्या. अटलांटिकाच्या मध्यभागीं ज्या पट्ट्यांत पूर्वीं विमान पोहोंचत नसे, तेथें अशा लहान विमानवाहू नौकांनीं आणि किनाऱ्यावरून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानांनीं मिळून आकाश व्यापलें. १९४३ च्या मे महिन्यांत जर्मन पाणबुड्यांना उत्तर अटलांटिकांतून मागें घ्यावें लागलें. 'ऑडॅसिटी'ला बुडविणारी 'यू-७५१' त्याच्याहि आधीं, १९४२ च्या जुलैंत बुडाली होती. तिचा काळ झालीं तीं विमानेंच.

एरिक ब्राउन २०१६ पर्यंत जगला. विमानवाहू नौकांवर २,४०७ वेळां विमान उतरविण्याचा विक्रम त्यानें केला. त्याचा पाठ पहिल्यानें गिरविला गेला तो 'ऑडॅसिटी'च्या त्या तोकड्या डेकवर.

रक्षण करणाराच्या कामाचा हिशेब मांडणें नेहमींच अवघड असतें. बुडविलेल्या जहाजांची यादी करतां येते. न बुडलेल्या जहाजांचीं नांवें कोणी लिहून ठेवीत नाहीं. १९४१ च्या नाताळच्या सुमारास त्या ३० जहाजांवरचे खलाशी इंग्लंडच्या बंदरांत उतरले, मालाचीं पोतीं धक्क्यावर आलीं, आणि कित्येक घरांत दाराशीं पोहोंचलेलें माणूस पाहून चूल पेटली. समुद्रांत राहिलेल्या त्या ७३ जणांचें स्मारक शोधावयाचें तर तें तेथेंच शोधावें.